पन्हाळ्याचं पावणं

किस्से आणि बुरशी, दोघांनाही वाढायला फारसं काही लागत नाही. ओलसर खोली, चार रिकामी माणसं आणि झाडलोटीचा कंटाळा, एवढं पुरतं. आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात हे तिन्ही मुबलक होतं, आणि मी तिथला क्लार्क होतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नेसरीची विद्या एका बुरशीपासून जंतू मारणारं औषध काढायच्या मागं होती. पीएचडीला मिळालेली मुदतवाढ शेवटची. औषध निघालं नाही तर थिसिस नाही, बॅग भरून नेसरी. बुरशी तिनं पन्हाळ्यावरच्या एका झाडाच्या सालीवरून आणलेली. आमचा शिपाई बापू काचेच्या चंबूत डोकावून म्हणाला, "पावणं आलंय म्हणा की." त्या दिवसापासून बुरशीचं शास्त्रीय नाव फक्त थिसिसपुरतं उरलं.

*

पावणं म्हटल्यावर कोल्हापुरात पुढचं सांगावं लागत नाही. विभागप्रमुख सरांनी चंबूतली साखर दुप्पट केली. बापूनं कोडोलीहून घरचा गूळ आणला. बुरशी गादीसारखी फुगली. औषधाचा मात्र पत्ता नाही.

"लाजतंय अजून," सर म्हणाले. "वाढा आणखी."

*

साखरेची मागणी बघून प्राचार्यांनी मला बोलावलं. "भाऊसाहेब, तुमच्या विभागात चहा पितात की पाक?"

"पावण्यांना लागते, साहेब."

"कुठले पावणे?"

"पन्हाळ्याचे."

"राहणार किती दिवस?"

"विद्याची पीएचडी होईस्तोवर."

प्राचार्यांनी निमूट सही केली. त्यांच्याकडंही मेव्हणा राहायला आला होता.

*

चंबू सतत हलते ठेवणारं एक यंत्र होतं. लाईट गेली की बापू ते चंबू हातानं हलवायचा.

"बापू, जरा हळू," सर म्हणाले.

"हळू हलवलं की झोपतंय, सर. चार पोरं वाढीवल्यात मी."

*

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सगळा विभाग गेला. पावण्याला साखर घालायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलं. परत येऊन बघतो तर चंबूतलं पाणी काळपट आणि बुरशी सुकलेली. विद्या चंबू घेऊन मोरीकडं निघाली. फेकून द्यायच्या आधी केवळ सवयीनं तिनं त्यातला थेंब जंतू वाढवलेल्या बशीत टाकला.

दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल कडं. तेवढ्या जागेतले जंतू साफ. मग विद्यानं मुद्दाम साखर तोडून पुन्हा केलं. पुन्हा कडं.

"म्हणजे आपणच जेवू घालून त्याला निकामी केलं?" सर म्हणाले.

"जेवल्यालं पावणं कामाला हात लावतंय व्हय?" बापू म्हणाला. "माझा जावई बगा."

*

राहिला व्हायवा, थिसिसची तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे. त्यांच्यासमोरून विद्यार्थी डोळे पुसतच बाहेर येतात, अशी ख्याती. सरांचा बेत आधी व्हायवा, मग जेवण असा होता. विद्या सकाळीच माझ्या टेबलाशी आली. "भाऊसाहेब, जेवण आधी ठेवूया."

सुकं मटण, तांबडा-पांढरा रस्सा. वाढायला बापू. परीक्षकांनी ताटावर हात आडवा धरला की, "पावणं, एवढ्यानं काय हुतंय?"

मग व्हायवा सुरू झाला. परीक्षकांनी पट्टा सैल केला, थिसिस न उघडता बाजूला सारला आणि म्हणाले, "निष्कर्ष तेवढा वाचा."

विद्या वाचू लागली, "खाद्य भरपूर मिळालं की ही बुरशी नुसती फुगते. तिच्याकडून काहीही बाहेर पडत नाही."

परीक्षक डोळे मिटूनच म्हणाले, "मान्य."