यंत्रांच्या यादीतल्या काकू

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी काकू इंटर्न झाल्या आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. कंपनीच्या आयटी विभागात नव्या इंटर्नची नोंद करायची, तर पंचविसाच्या वरचं वय कॉम्प्युटर घेईचना.

"जरा उशिरा जन्मला असतात तर?" विभागाचे साहेब म्हणाले. चेहरा अगदी गंभीर! मग त्यांनीच तोडगा काढला. माणसांत बसत नाहीत ना, घाला यंत्रांत! तिथे वयाची अट नव्हती. प्रकार: इतर. खरेदीचं वर्ष: काकूंचं जन्मवर्ष. स्थिती: चालू. नंबराचं स्टिकर ओळखपत्रावर बसलं, पासवर्ड मिळाला, आता बोला!

काकूंना मतलब सर्टिफिकेटशी. तीन महिन्यांच्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय डिप्लोमा नाही आणि डिप्लोमाशिवाय नोकरी नाही. वीस वर्षं घरी काढल्यावर ही एकच संधी होती. नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा, "हौस आहे हो तिला." तो शब्द काकूंच्या डोक्यात जायचा.

काम म्हणाल तर अर्धा दिवस टेबलांखाली. सुटलेल्या वायरी लावायच्या, प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद ओढायचा, आणि उरलेला वेळ फोनवर लोकांचं रडगाणं ऐकायचं. हिशेब विभागातले एक गृहस्थ दर सोमवारी पासवर्ड विसरत. विभागातली पोरं त्यांच्यावर खेकसायची. काकू मात्र शेजारी बसून नवा पासवर्ड त्यांच्याकडून तीनदा टाईप करून घ्यायच्या.

तीन महिने भरायला दहा दिवस उरले, तेव्हा वार्षिक मोजणी आली. दहा वर्षांपेक्षा जुनं यंत्र भंगारात, असा कंपनीचा नियम. यादी कॉम्प्युटर काढणार, लाल चिठ्ठ्या इंटर्नने चिकटवायच्या. काकूंनी सतरा मॉनिटर आणि दोन प्रिंटर उरकले. पुढच्या ओळीत त्यांचाच नंबर! शुक्रवारी रवानगी. नोंद पुसली की इंटर्नशिप अर्धवट, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

"साहेब, मी भंगारात निघालेय."

साहेबांनी यादी डोळ्यांजवळ धरली. "खरंच की!"

सुटकेचा एकच फॉर्म होता: 'यंत्र न टाकण्याचं कारण'. तो विभागप्रमुखानेच भरायचा. साहेबांनी आयुष्यात कोणाला बरं म्हटलेलं नव्हतं. त्यांना घाम फुटला. तासाभराने त्यांनी लिहिलं, 'याच्या जागी दुसरं मिळणार नाही.' खाली वापरणाऱ्यांच्या पाच सह्या हव्या होत्या. काकू लाजत मजल्या-मजल्यावर फिरल्या आणि एक्केचाळीस सह्या घेऊन परतल्या. शेऱ्याच्या रकान्यात त्या विसराळू गृहस्थांनी लिहिलं होतं, 'हे यंत्र ओरडत नाही.'

गुरुवारी मंजुरी आली. पाच वर्षं मुदतवाढ.

"सुटले बाई!" काकू म्हणाल्या. "आता सर्टिफिकेटचं तेवढं बघा."

साहेबांनी बराच वेळ बटणं दाबली आणि हात टेकले. "यंत्राला इंटर्नशिपचं सर्टिफिकेट निघत नाही हो."

काकूंना रडू आवरेना. नवऱ्याला काय सांगायचं, डिप्लोमाचं काय करायचं, काही सुचेना.

साहेब अजून पडद्याकडेच बघत होते. "पण काकू, पाच वर्षं तुम्हाला इथून हलवताही येणार नाही. आणि चालू यंत्राचा देखभाल खर्च दर महिन्याला द्यावाच लागतो. आपल्या पोरांच्या पगाराहून थोडा जास्तच दिसतोय."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "म्हणजे नोकरीच की हो ही!"

"नोकरी नाही म्हणता येणार," साहेब म्हणाले. "सोमवारी नऊला या."