आमच्या घरची नगरसेविका

आई राजकारणात गेली ती केवळ मराठी असल्यामुळे, आणि तेही दिल्लीच्या सीमेपलीकडच्या एका नव्या वसाहतीत, जिथे मराठी घर बहुधा आमचं एकटंच होतं.

त्या वर्षी आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पक्षात इच्छुक भरपूर होते, पण एका बिरादरीच्या बाईला तिकीट दिलं की दुसरी बिरादरी रुसणार. शेवटी पक्षाचे जिल्हाध्यक्ष आमच्या सोफ्याच्या टोकावर येऊन टेकले आणि म्हणाले, "बहनजी, आप तो किसी की नहीं हैं." कुठल्याच बिरादरीच्या नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. आईला आधी रागच आला. बाबा सरकारी नोकर. "माझा ह्याच्याशी काही संबंध नाही," असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले आणि निवडणूक संपेपर्यंत जवळजवळ तिथेच राहिले.

आईला निवडून आणलं ते संध्याकाळी पार्कात स्वेटर विणत बसणाऱ्या बायकांनी. समोरच्या फ्लॅटातल्या पंजाबी आंटी त्यांच्या म्होरक्या. निकाल लागला तेव्हा आंटींनी आईला घट्ट मिठी मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली.

"भाभीजी, अब आप पार्टीवाली हो गईं," त्या म्हणायच्या. आई पक्षाच्या बैठकीहून परतली रे परतली की बेल वाजे. कुणाला कात्री हवी असे, कुणाला विरजण. वाटीभर दह्यासाठी आलेली बाई तासभर बसून बैठकीत कोण काय बोललं ते काढून घेई.

अशात पक्षाने ठरवलं की आमच्या पार्काच्या जागी शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं. घरोघरी रंगीत टीव्ही आणि केबल आलेली, नव्या गाड्या दिसू लागलेल्या. मग सरकता जिना आपल्याकडे का नको? अध्यक्षांनी बजावलं, "आदेश है. हाथ उठाना है." इकडे आंटी म्हणाल्या, "पार्क गया तो हम बैठेंगे कहाँ?" आई दोघांनाही "देखती हूँ" म्हणाली.

जेवताना तिने पान तसंच पुढे सारलं. "तिकीट ह्यांनी दिलं, मतं त्यांनी दिली. आता मी करू तरी काय?"

"आजारी पड," बाबा म्हणाले.

"आणि सगळ्याजणी काढे घेऊन आल्या म्हणजे?"

महापालिकेच्या सभेच्या दिवशी पक्षाने आईसाठी जीप पाठवली. अध्यक्ष पुढे बसले होते. कुणी बोलावलं नसताना आंटी आणि त्यांच्या मैत्रिणी मागे चढल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. आईने मलाही सोबतीला ओढलं.

सभागृहात प्रस्ताव वाचला गेला आणि महापौरांनी आईचं नाव पुकारलं. एका भिंतीशी अध्यक्ष हसत उभे, दुसऱ्या भिंतीशी आंटी हाताची घडी घालून. आई उठली. "माननीय महापौर जी, मैं..." आणि अडली. पुढचा शब्दच सापडेना. मग एकदम तिचा बांध फुटला, तो मराठीत.

"अहो, काय चाललंय काय तुमचं? तिकीट दिलंत म्हणजे मला विकत घेतलंत का? आणि तुम्ही गं! मतं दिलीत म्हणून दह्याच्या निमित्ताने माझ्या घरावर पहारा? मला मार्केट हवंय. साधी सुई आणायची तर बस पकडावी लागते. पण त्यासाठी पार्क कशाला? नाल्याकडच्या जागेचा उकिरडा झालाय, तो कुणाला दिसत नाही?"

टिपण घेणाऱ्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. अध्यक्षांना "मार्केट" ऐकू आलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आंटींना "पार्क" ऐकू आलं होतं, त्यांनी त्याहून जोरात वाजवल्या.

महापौर गोंधळले. "पक्ष में बोलीं कि विरोध में?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा ते आंटींशेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. "बिटिया, माताजी ने क्या कहा?"

मी आईकडे पाहिलं. "खरं ते सांग," ती म्हणाली, "दह्यासकट."

मी सांगितलं, दह्यासकट. टाळ्या थांबल्या. अध्यक्ष खिडकीबाहेर पाहू लागले, आंटींचे कान लाल झाले. मग विरोधी पक्षाचे एक वयस्क सभासद हसत सुटले. "बात तो ठीक है," ते म्हणाले. नाल्याकडची जागा पाहून यायचं ठरलं आणि प्रस्ताव तात्पुरता बाजूला पडला. परतीला जीप नव्हती. सगळ्याजणी बसने आलो. आंटींनी आईचंही तिकीट काढलं.

मार्केट पुढे नाल्याकडेच झालं. उद्घाटनाच्या पाटीवर अध्यक्षांचं नाव होतं, आईचं नव्हतं. पुढच्या निवडणुकीत तिकीट अध्यक्षांच्या पत्नीला मिळालं. बायका आईला म्हणाल्या, अपक्ष उभ्या राहा. आई नाही म्हणाली, आणि वर उन्हातान्हात अध्यक्षांच्या पत्नीचा प्रचार करत हिंडली. "ज्यांनी उभं केलं त्यांना पाडायचं कसं?" आंटी महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

अध्यक्षांच्या पत्नी आमच्या वॉर्डात सपाटून पडल्या. बाबा तोवर निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांना राजकारणावर बोलायची मुभा होती. त्यांनी हळूच विचारलं, "तू तरी त्यांना मत दिलंस ना?"

"मतदान गुप्त असतं," आई म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.