टापटीपबाईंच्या सेव्ह केलेल्या फायली

रक्तपेढीत त्यांना मागून सगळे टापटीपबाई म्हणत, तोंडावर ताई. टेबलावर पेन तिरकं दिसलं तरी यांचा जीव खालीवर. नोकरी तंत्रज्ञाची, पण कंत्राटी. दर वर्षी नव्यानं सही होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. यंदा कायमची एक जागा निघाली होती आणि मोठे डॉक्टर स्वतःहून म्हणाले होते, "बाई, तुमचा तो प्रोग्राम एकदा दाखवा. पटला तर नाव वर पाठवतो."

कुठल्या गटाच्या पिशव्या कमी पडतील, कुठल्या मुदत संपून फेकाव्या लागतील, हे तो प्रोग्राम आधीच सांगायचा. प्रोग्राम लिहायला शिकल्या त्या घरी, धाकट्या भावाची बोलणी खात. "ताई, या वयात कोडिंग? त्यापेक्षा गुडघ्यांना तेल लाव." लिहिलं मात्र कामावरच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, ब्राउझरमध्येच चालणाऱ्या नोटबुकात, म्हणजे कोड लिहून तिथंच चालवून बघायच्या पानावर. तिथं वर रोज एक पिवळी पट्टी यायची: फायली फक्त याच ब्राउझरमध्ये राहतात, प्रत डाउनलोड करून ठेवा. बाई फुली दाबून पट्टी घालवायच्या. पसारा नको. उठताना मात्र न चुकता सेव्ह दाबायच्या.

दाखवायच्या दिवशी सकाळी ते पान उघडेचना. नुसतं चक्र गरगरतंय. त्यांनी संगणक विभागाला फोन लावला. तिथला माणूस कायम जांभई अर्धवट सोडून बोलल्यासारखा बोले.

"कचरा साठलाय ताई. हिस्ट्री, कुकीज, साइट डेटा, सगळ्यावर टिक करा आणि द्या उडवून."

"अहो, पण माझ्या फायली?"

"सेव्ह केल्यात ना?"

"रोज करते."

"मग झालं तर. सेव्ह केलेलं कुठं पळून जातंय?"

बाईंनी टिक केलं. उडवलं. पान झटक्यात उघडलं, अगदी लख्ख. डावीकडच्या यादीत एकच फाइल होती, नव्या माणसाचं स्वागत करणारी.

पुन्हा फोन.

"डाउनलोड केल्या होत्या का?"

"सेव्ह केल्या होत्या म्हटलं ना मघाशी."

"ते वेगळं, हे वेगळं ताई. सेव्ह म्हणजे ब्राउझरच्या पोटात. पोटच साफ केलं आपण." वर म्हणाला, "तसं तिथं लिहिलेलं असतं."

मोठ्या डॉक्टरांसमोर बाई हात बांधून उभ्या राहिल्या. तोंडी सगळं सांगितलं, मध्ये मध्ये अडखळत. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण वर विश्वास पाठवता येत नाही, काहीतरी दाखवावं लागतं. दोन दिवसांत होईल परत?"

वर्षभराचं काम. खोटं 'हो' म्हणून बाईंना तेवढ्यापुरती वेळ मारून नेता आली असती. "नाही होणार सर," त्या म्हणाल्या.

"मग पुढच्या वेळी बघू," डॉक्टर म्हणाले, आणि पुढची वेळ कधी ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

घरी भावानं टोमणा मारायला तोंड उघडलं, त्यांचा चेहरा पाहून मिटलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "परत लिही की. डोक्यात आहे ना?"

"लिहीन. या खेपेला लवकर होईल." त्या चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या. "पण जागा एकच होती रे."