रॉजरकाकांचा विल्को

रॉजरकाकांना मी पहिल्यांदा भेटलो तो भांडायलाच. आमच्या न्हाणीघराचं छत गळत होतं आणि त्या छतावर ते राहत होते. बाह्या सरसावून चौथा मजला गाठला, दार ठोठावलं आणि आतून असा काही आवाज आला की जिन्यातली कबुतरं बिऱ्हाडासकट दुसऱ्या गावी गेली, माझ्या शर्टाचं वरचं बटण आपोआप लागलं आणि घरून घोकून आणलेलं भाषण घशातच विरघळलं. "कोण बोलतंय?" एवढंच ते म्हणाले होते! दार उघडलं तर समोर माणूस कसला, दोरीवर वाळत घातलेला सदरा. एवढा आवाज त्या देहात ठेवला कुठे होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी गळतीचं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवलं, "रॉजर" म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी जिना उतरलो तो लढाई जिंकल्यासारखा. बायकोला म्हटलं, "काम फत्ते!" त्यानंतर आम्ही बरेच दिवस छत्री घेऊन आंघोळ करत होतो.

शेवटी काकू जिन्यात भेटल्या. पिशवी खाली ठेवून, गुडघे दाबत उभ्या होत्या.

"अहो भाऊजी, रॉजर म्हणजे 'ऐकलं'. करतो असं कुठे म्हणाले ते? नळवाल्याला मीच बोलावते. लग्न झाल्यापासून रॉजर ऐकतेय मी. माझ्याइतका रॉजर कोणी ऐकला नसेल."

काका बंदरावर वायरलेसवाले. उंच मनोऱ्यातल्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचे आणि मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या टग बोटींशी बोलायचे. वाऱ्यात, खरखरीत अर्धे शब्द उडून जातात, म्हणून तिथले शब्द मोजके आणि ठरलेले. निरोप पोचला की रॉजर. निरोप पोचला आणि सांगितलंय ते करतोय, असं असेल तर विल्को. एकदा एका नवख्या टगवाल्याला दोर सोडायला सांगितलं. तो रॉजर म्हणाला आणि दोर धरून तसाच बसला. जहाजाने धक्क्याचा कठडा उचलून नेला. तेव्हापासून त्या बंदरात दंडकच झाला : विल्को म्हणायचं तर हात कामाला लागलेला असला पाहिजे. विल्को म्हणून न करणाऱ्याशी टगवाले चहासुद्धा पीत नसत.

मी एकदा लाडात येऊन निरोप घेताना "ओव्हर अँड आउट" म्हटलं, तर काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ओव्हर म्हणजे आता तुम्ही बोला. आउट म्हणजे माझं संपलं, बोलू नका. तुम्ही पाहुण्याला 'बसा' आणि 'निघा' एका दमात सांगता का?"

त्या काळात एवढं लांब वाक्य ते क्वचितच बोलत. पाळी संपवून आले की चपला न काढता खुर्चीत बसत. हेडफोनने कान लालबुंद झालेले. दिवसभर लोकांची जहाजं जागेवर लावून आलेला हा माणूस स्वतःला खुर्चीतून पलंगापर्यंत नेऊ शकत नसे. काकू समोर पाणी ठेवत. ते त्याच्याकडे नुसते बघत राहत.

आणि काकूंचं एकच मागणं होतं. गुडघे गेले होते, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर बंदराचं, म्हणजे नोकरी आहे तोवर चौथा मजला पक्का. दूरच्या गावी लेकीचं तळमजल्यावरचं घर होतं, जावई स्वतःहून या म्हणत होता. काकांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज द्यावा, एवढंच. काकू रोज सांगत आणि काका रोज रॉजर म्हणत.

मी एकदा विचारलं, "काका, एकदा विल्को म्हणून टाका की."

"म्हटलं आणि झालं नाही तर? तिकडे निदान ओढायला टग असते. इथे मला कोण ओढणार?"

मग एका संध्याकाळी काकू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या त्या उठेनातच. मी घरातून खुर्ची आणली, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. तेवढ्यात काका कामावरून आले. बायकोला पाहिलं आणि तेही खालच्या पायरीवर बसले. मला वाटलं आता धीर देतील. पण दोघंही नुसती धापा टाकत होती. दोघांतलं कोण जास्त दमलंय ते सांगणं कठीण होतं.

"आज शेवटचं सांगते," काकू म्हणाल्या. "अर्ज द्या. लेकीकडे जाऊ. मला आता चढवत नाही."

"रॉजर," काका सवयीने म्हणाले.

"रॉजर गेला खड्ड्यात! मी काय टग आहे? इथेच बसते मी. जेवण वर तुमचं तुम्ही करा."

काकांनी मान खाली घातली. माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. मग कबुतरसुद्धा हललं नसतं इतक्या बारीक आवाजात ते म्हणाले, "विल्को."

"काय करणार ते परत म्हणा," काकूंनी बजावलं. इतक्या वर्षांत त्याही शिकल्या होत्या.

"उद्या अर्ज देतो. लेकीकडे जातो. तळमजल्यावर."

"मग हात द्या आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. तो आठवड्याच्या आत मंजूर झाला. थांबा, असं बंदरावर कोणी म्हणालं नाही. सामान आम्हीच खाली उतरवलं.

आता ते लेकीकडे असतात. काकूंचे गुडघे अजून दुखतातच. मी फोन केला की त्याच उचलतात. काका बहुतेक वेळ झोपलेले असतात.