झेरॉक्समध्ये आकसलेलं विश्व

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. नव्वदच्या दशकात बेंगळुरूत मी रेडिओ-दीर्घिकांच्या, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिकांच्या, नकाशांच्या झेरॉक्स प्रती पट्टीनं मोजत होते. दूरची दीर्घिका किती लहान दिसते, त्यावरून विश्वाचं माप काढायचं होतं. महिनाभर मोजल्यावर सगळ्यात दूरच्या भलत्याच लहान निघाल्या. मग लक्षात आलं, त्यांच्या नकाशांच्या चौकटीसुद्धा लहान होत्या. तशीच जयनगरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले.

"पानात बसेनात, अक्का," तो शांतपणे म्हणाला. "स्वल्प लहान केले. सत्तर टक्के."

तळपायाची आग मस्तकात गेली. मूळ नकाशांवर सगळं पुन्हा मोजलं, तरी त्या दूरच्या दीर्घिका लहानच. त्या मुळातच लहान, की अंतरामुळे तशा दिसतात, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. झेरॉक्सवाल्यानं निदान टक्के तरी सांगितले होते.