निळी बिछायत

"इथं पोट आलंय."

एवढं म्हणून मामा चपला काढायचे, गुडघ्यांवर बसायचे आणि गाल थेट गालिच्याला लावायचे. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने हॉलच्या पार त्या टोकापर्यंत बघायचे. आम्हाला गालिचा सपाट दिसायचा, मामांना त्यात टेकड्या दिसायच्या. मग दोन्ही हातांनी ओढायचं, थोपटायचं, पुन्हा गाल लावायचा. नवरदेव घोड्यावरून उतरून दारात आलेला असो, बँडवाले घामाघूम झालेले असोत, ते पोट गेल्याशिवाय मामा कुणाला आत पाऊल टाकू देत नसत.

नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. तिथे मी बरीच वर्षं व्यवस्थापक होतो. मालक दुसरे, किल्ल्या माझ्याकडे. मामांचा धंदा बिछायतीचा. लग्नकार्याला गाद्या, लोड, गालिचे अंथरायचे आणि कार्य उरकलं की गुंडाळून न्यायचे. मूळचे ते लातूर जिल्ह्यातल्या जळकोटकडचे. बायको गावाकडे शेती बघायची, हे नांदेडला एका खोलीत राहायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. किंवा खरं सांगायचं तर पाहिली नसतील. गालिच्यावर उभं राहिल्यावर तो कुणी अंथरला, हे आपण कधी विचारतो?

एका चातुर्मासात, लग्नं बंद आणि हॉल रिकामा, असे मामा दुपारचे माझ्या टेबलाशी आले. हातात मोबाईल.

"सायेब, हे बघा. बघा तं खरं."

पडद्यावर एक मोठा हॉल होता. लांबच लांब निळा गालिचा आणि त्यावरून दोन वयस्कर गोरे गृहस्थ अगदी सावकाश गोळे सोडत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

"हे काय मामा, म्हातारपणी गोट्या?"

"गोळे सोडा हो. बिछायत बघा! एक तरी सळ हाय का?"

गालिच्याची सळ कशी काढावी हे मोबाईलवर शोधता शोधता त्यांना हा खेळ सापडला होता. इनडोअर बोल्स त्याचं नाव, आणि ती त्याची जागतिक स्पर्धा होती. मामा सळ शोधायला गेले आणि तिथेच अडकले.

पुढे वर्षभर आम्हाला त्या स्पर्धेच्या इतिहासाशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. मामांना इंग्रजी येत नव्हतं. मग लग्नात कुणी इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक दिसले की मामा त्यांना जेवणाच्या रांगेतून बाजूला घ्यायचे. "सर, एवढं वाचून सांगा बरं." प्राध्यापक एका हातात ताट धरून वाचायचे आणि मामा मान हलवत ऐकायचे.

असा जमवलेला इतिहास ते मला सांगत. त्याचे त्यांनी दोन काळ पाडले होते, भुशाचा आणि गालिच्याचा. "हे बघा सायेब, खेळ मूळचा गवतावरला. पण तिकडं थंडी लई. गवत बर्फाखाली जायचं. मंग बसून काय करावं? घरात लाकडाचा भुसा पसरून खेळले म्हणे आधी. मंग आला गालिचा. गालिचा आला अन् खेळाला मान आला." पहिली जागतिक स्पर्धा स्कॉटलंडात झाली, पहिल्या तीन वेळा एकच माणूस जिंकला. बायकांची स्पर्धा नंतर सुरू झाली, याचा मामांना राग होता. "बायांला म्हागून आत घेतलं. तिकडंबी तसंच हाय बघा." मग स्पर्धा इंग्लंडात गेली आणि शेवटी समुद्रकाठच्या एका सुट्टीच्या गावात स्थिरावली. डाव फार लांबायचे, टीव्हीवर बघणारे पेंगायचे, म्हणून डावांचे तुकडे केले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो गालिचा कायमचा नव्हता. तो नेऊन अंथरता यायचा.

"म्हंजे तिकडंबी मंडपवाला हाय की!" हे सांगताना मामांचा चेहरा फुलला होता. मग जरा थांबून म्हणाले, "कोण जिंकलं ते समदं लिवलेलं हाय. बिछायत कुणी केली ते कुठंच न्हाई. मी लई इचारलं."

मी हसलो. तेव्हा मला हसू यायचं.

लातूरला लेथवर लाकूड कातणारा एक कातारी त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून मामांनी बाभळीचे आठ गोळे करून घेतले. या खेळातला गोळा पूर्ण गोल नसतो, एका अंगाला किंचित वेगळा असतो, त्यामुळे तो वळत जातो. समोर एक छोटा पांढरा चेंडू असतो, त्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला गोळा न्यायचा. मामांनी त्या चेंडूला नाव दिलं नवरदेव आणि गोळ्यांना वऱ्हाडी. "जो वऱ्हाडी नवरदेवाच्या जास्त जवळ, त्याचा मान. सोपं हाय."

सोपं काहीच नव्हतं. मी सरळ टाकलेला गोळा वळून भिंतीला जायचा. मामा म्हणायचे, "सायेब, नवरदेवाकडं बघून टाकूच नका. कचेरीतल्या कामावानी हाय ते. लांबून वळसा घेऊन गेलं की बरोबर पोचतं." रिकाम्या हॉलमध्ये दुपारच्या दुपारी आम्ही खेळलो. मला ते आवडत होतं, हे मुद्दाम सांगतो. मला खेळ कळत नव्हता, मामांची धडपड माहीत नव्हती, असं म्हणायची सोय मला नाही.

त्यानंतर मामांनी एक अखंड निळा गालिचा मिळवला. त्या मोबाईलमधल्यासारखाच निळा. कुठून आणला, कशातून आणला ते बोलले नाहीत. एकदा एका पार्टीने तो रिसेप्शनसाठी मागितला. मामा म्हणाले, "ह्यो लग्नाला न्हाई देत. ह्याच्यावर चप्पल पडायची न्हाई." पार्टी रागावून गेली आणि मला बोलणी बसली. तरी मामांनी दिला नाही.

हळूहळू मामांनी माणसं जमवली. लातूरचे दोन पीटीचे शिक्षक, देवणीचा एक निवृत्त एसटी कंडक्टर, देगलूरचा शिंपी, उदगीरच्या एक शिक्षिका, असे अकरा जण. मामा धरून बारा. एक दिवस माझ्यापुढे उभे राहून, हात मागे बांधून त्यांनी विचारलं, "सायेब, एक दिस हॉल द्याल का? आपलीबी स्पर्धा घेऊ. एकदा मला बिछायत करून भायेर न्हाई जायचं. आतच ऱ्हायचंय. खेळाडू म्हणून."

मी लगेच हो म्हणालो. दिवस मामांनीच निवडला, पितृपंधरवड्यातला रविवार. "पितरांच्या दिसात कोण कार्य करतंय? कुणी आडवं यायचं न्हाई."

हिशेब अगदी बरोबर होता. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे साधी सुपारीसुद्धा फुटत नाही. पण सत्काराला पितर आडवे येत नाहीत, हे ना मामांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

शनिवारी दिवसभर मामांनी निळा गालिचा अंथरला. कडेकडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या, सळ बसावी म्हणून. किती वेळा गाल लावला असेल, मी मोजलं नाही. संध्याकाळी ते खोलीवर गेले आणि थोड्या वेळाने मालकांचा फोन आला. त्यांच्या भाच्याची कुठल्याशा समितीवर निवड झाली होती. उद्या सकाळी सत्कार, दोनशे माणसं, हॉल तयार ठेवा.

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतंच आहे. मलाही कळत होतं. मालक, उद्याचा दिवस मी एकाला दिलाय. एवढं एक वाक्य. मालक चिडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण मला कुणी अडवून धरलेलं नसताना, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "काळजी करू नका. गालिचा अंथरलेलाच आहे. निळा. फोटोत छान दिसेल."

मालक खूश झाले.

नंतर मामांना फोन करायला मी दोनदा मोबाईल हातात घेतला. दोन्ही वेळा खाली ठेवला. सकाळी तोंडी सांगू, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. मालकांची नाही, मामांची. ते काहीच बोलणार नाहीत, याची.

सकाळी मामा अकरा माणसं घेऊन आले. बाराही जण पांढऱ्या कपड्यांत. पूर्वी हा खेळ पांढऱ्या कपड्यांत खेळत, हे मामांनी वाचून घेतलं होतं. शिंप्याने मामांना नवी पांढरी पँट शिवून दिली होती, तिची इस्त्री अजून कडक होती. दारात फुलांची कमान, आत खुर्च्या, निळ्या गालिच्यावर चपलाबुटांसकट माणसं. सत्काराला आलेल्यांतही निम्मे पांढऱ्या कपड्यांतच होते, त्यामुळे यांच्याकडे कुणी वळून बघितलं नाही. एकाने देवणीच्या कंडक्टरला पाणी आणायला सांगितलं.

मामा माझ्यापुढे उभे राहिले. त्यांच्यामागे ती अकरा माणसं. स्टेजवरून मालक माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "मामा, बरं झालं आलात. स्टेजपाशी गालिचा गोळा झालाय, पाहुणे अडखळतायत. जरा ओढून घ्या."

माफी नाही, कारण नाही. ओढून घ्या.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग दारात चपला काढल्या, माणसांच्या पायांमधून स्टेजपर्यंत गेले आणि त्या नव्या पँटीवर गुडघे टेकून बसले. दोन्ही हातांनी गालिचा ओढला, थोपटला. गाल मात्र लावला नाही. तिथे जागाच नव्हती, सगळीकडे पाय होते.

परत आले ते हसूनच. आपल्या माणसांना म्हणाले, "चला, आता आलाव तं जेवून जावा." दहा जण शेवटच्या रांगेत बसून जेवले. उदगीरच्या शिक्षिका न जेवता निघून गेल्या. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. तो नमस्कार मी अजून विसरलेलो नाही.

दुपारी हॉल रिकामा झाला. निळ्या गालिच्यावर गुलाल होता, चेंगरलेला झेंडू होता, शिऱ्याचे डाग होते आणि खुर्च्यांच्या पायांचे खड्डे. मामा एकटेच गुंडाळत होते. मी जवळ गेलो.

"मामा, मालकांचं अचानक ठरलं हो. माझा नाइलाज झाला. पुढच्या रविवारी घेऊ."

"घेऊ की," मामा म्हणाले.

मी नाइलाज म्हणालो. फोनवर काय बोललो होतो ते नाही सांगितलं. मामांनी विचारलंही नाही. त्या गालिच्यावर पुन्हा गोळा धड वळला नाही, असं पुढे शिंप्याकडून कळलं. मामांनी तो धुऊन काढला आणि त्या मोसमापासून लग्नाला द्यायला लागले.

आमच्यात काही बिघडलं नाही, हेच वाईट. मामा येत राहिले, अंथरत राहिले, "सायेब" म्हणत राहिले. फक्त खेळाचा विषय माझ्यापुढे पुन्हा काढला नाही. मला वाटायचं, एकदा तरी तोंडावर बोलावं. शिवी द्यावी. मामांनी मला तेवढीही सोय ठेवली नाही.

पुढे आपल्या चार बायकांनी परदेशात गवतावरच्या याच खेळात सुवर्णपदक मिळवलं. टीव्हीवर त्यांना बघून आमच्या कॉलनीत कुणीतरी म्हणालं, हा कुठला खेळ? मी छाती काढून सांगितलं, "आमच्या कार्यालयात खेळायचो आम्ही हा." बोलून गेलो आणि तसाच घरात आलो. मामांना फोन लावला. ते म्हणाले, "हाव, बघितलं. लई भारी खेळल्या पोरी." मग त्यांनीच विचारलं, "तब्येत बरी हाय ना सायेब?"

मागच्या वर्षी मामा गेले. शेवटचे काही महिने ते गावीच होते, मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. मी जळकोटची बस धरली. वाटेत ठरवलं होतं की त्यांच्या घरी सगळं सांगायचं. मामांना नाही सांगितलं ते निदान त्यांच्या माणसांना सांगून मोकळं व्हायचं.

मामी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी कुठून आलो ते सांगताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"नांदेडचे सायेब व्हय? या, या. तुमचं नाव लई घ्यायचे ओ. म्हणायचे, सायबानं मला अख्खा हॉल दिला. आपली स्पर्धा झाली. समद्याला दारातच चपला काढाय लावल्या सायबानं, एकाचाबी पाय पडू दिला न्हाई गालिच्यावर. अन् मला आत बशिवलं, म्हणले, आज बिछायत दुसरं कोणीबी करल, मामा खेळतील." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी शेतात, मला कुठलं बघाय मिळतंय. पर त्यांनी लई येळा सांगितलं. दुखण्यात असताना बी तेच सांगायचे."

आतून चहा आला, मी ओसरीच्या कडेला बसलो.

"खरंच तसं झालं का ओ? का माझं मन राखाय सांगत व्हते?"

वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी माझ्याजवळ होती. पहिला शब्द ओठांवर आलाही होता. मामींनी चहाची बशी माझ्यापुढे सरकवली आणि उत्तराची वाट बघत बसल्या.

"खरंच झालं," मी म्हणालो.

"जिंकलं कोण?"

"मामा."

मामींना हसू आलं. "बघा," त्या म्हणाल्या, "त्येवढं मातर सांगितलं न्हाई मला."