शेवंताकाकूंची खुडूक कोंबडी

शेवंताकाकू दाणे टाकायच्या तेव्हा त्यांचं लक्ष कोंबड्यांपेक्षा कोंबड्यावर असायचं. सोनाळ्यात त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. एक पंख जमिनीला घासत कोंबडीभोवती गोल गोल फिरणाऱ्या त्या ऐटबाज कोंबड्याचं त्यांना मुळीच कौतुक नव्हतं. म्हणायच्या, "नाचाले काय लागते? दाना भेटला का कुक कुक करून तिले बोलावते का, अन् आपुन बाजूले होते का, थे पाहाव."

एकुलत्या एका लेकीला, रेखाला, पाहायला आलेली दोन चांगली स्थळं त्यांनी याच कसोटीवर घालवली. तिसऱ्यानं पोह्यांची बशी आधी रेखाकडे सरकवली आणि तोच जावई झाला. तरी लग्न पार पडेपर्यंत काकूंच्या डोळ्याला डोळा नव्हता. काळजी हा त्यांचा स्वभावच. मेघगर्जनेनं अंडी नासतात म्हणून टोपल्यात लोखंडी खिळा ठेवायच्या, आणि वर दारात उभं राहून आभाळालाही रागवायच्या.

गेल्या हिवाळ्यात रेखाच्या पोटात जुळं होतं. सातव्या महिन्यातच त्रास सुरू झाला आणि तिला अकोल्याच्या दवाखान्यात निजवून ठेवलं. नेमकी तेव्हाच काकूंची तांबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. काकूंना जावंच लागलं आणि तांबडी माझ्या गळ्यात पडली.

एसटीत चढता चढता त्यांनी मला पढवलं. "खुडूक कोंबडी आपुन होऊन उठत नाही, रवी. उपाशी मरन, पन उठनार नाही. रोज उचलून खाऊ घाल, पानी पाज. अन् लवकर परत ठेव, अंडे गार होतात."

मला कोंबड्यांची भीती वाटते, हे काकूंना माहीत होतं. हाताला टॉवेल गुंडाळून मी तिला उचलायचो आणि ती फुगून टॉवेलवरूनही टोचायची. रोज काकूंचा फोन. "उठली व्हती का? पानी पेली का? हगली का?" रेखाचं विचारलं की "हाय" एवढंच, आणि पुन्हा कोंबडी. डॉक्टरांना काही विचारायची त्यांना धास्ती वाटत असावी. माझ्याकडून येणारं उत्तर ऐकणं सोपं होतं.

एका सकाळी तांबडी खाईना. खाली ठेवली तर तशीच पडून राहिली, चोच उघडेना. हिला काही झालं तर त्या बाईला काय सांगू? तेवढ्यात तो कोंबडा आला. मी टाकलेला दाणा त्यानं चोचीत उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि कुक कुक करत राहिला. तांबडी हळूहळू उठली आणि तिनं तो खाल्ला. मला रडूच आलं. फोनवर हे सांगितलं तर काकू म्हणाल्या, "खाल्लं ना? बस झालं," आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

त्यानंतर त्यांचा फोनच आला नाही. मी केला तर उचलत नव्हत्या, जावईही उचलेना. इकडे पिल्लं निघाली, पण मला धड आनंदही होईना. दोन अंडी तशीच राहिली होती.

आठवड्यानं फोन वाजला.

"निघाले का रे पिल्लं?"

"सगळी निघाली, काकू."

"खोटं नको बोलू बे. सारे कधीच निघत नाहीत." मग म्हणाल्या, "इथं बी दोनातली एकच हाय. काचेच्या पेटीतून काढून आत्ताच मांडीवर देली. तिलेच धरून बसली हाव."

शेवटी मी त्या दोन अंड्यांचं खरं सांगितलं, लिंबाखाली पुरली म्हणालो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"खोल पुरले ना?" त्यांनी विचारलं. "कुत्रे उकरतात."